बकव्हीट कधी पेरायचं, हे फ्रॉस्टपासून उलटं मोजून ठरवा

बकव्हीट म्हणजे कुट्टू. आपल्या मराठी घरात उपास म्हटलं की साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, एवढ्यावरच विषय संपतो. कुट्टू हा उत्तरेकडचा, तो आपल्यापैकी ज्यांनी दिल्लीत नोकरी केली त्यांना माहीत. मी तर पहिल्यांदा खाल्ला तो इकडे न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात राहायला आल्यावर, आणि तोही उपासाला नाही, पॅनकेकमध्ये. आमच्या घरामागं साधारण दहा गुंठे मोकळी जमीन आहे, इकडच्या भाषेत पाव एकर, आणि गेली काही वर्षं मी तिच्यात बकव्हीट करतोय. लोक फोनवर विचारतात की कसं करतोस, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतोय. कॅनडा, इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात ज्यांच्याकडे थोडी जागा आहे त्यांना उपयोग होईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बकव्हीट हे नाव जरी 'व्हीट' असलं तरी गव्हाशी त्याचं काही नातं नाही. ते गवतच नाही. आपला आंबट चुका आहे ना, भाजीचा, त्याच्या खानदानातलं हे झाड आहे. लालसर पोकळ खोड, बाणाच्या टोकासारखं रुंद पान, वर पांढऱ्या-गुलाबी फुलांचे झुबके, आणि तिकोनी काळपट दाणा. हा दाणा बीच नावाच्या झाडाच्या बीसारखा दिसतो म्हणून डच लोकांनी त्याला 'बीचचा गहू' अशा अर्थाचं नाव दिलं, तेच पुढं इंग्रजीत बकव्हीट झालं. सतराव्या शतकात डच वसाहतवाल्यांनीच ते हडसन नदीच्या खोऱ्यात आणलं. १८६०च्या दशकात अमेरिकेत दहा लाख एकराच्या वर बकव्हीट होतं म्हणे, आज विश्वास बसत नाही. नंतर नत्राची खतं आली, ती गव्हाला आणि मक्याला मानवली, बकव्हीटला नाही मानवली, आणि पीक मागं पडलं. तरी आमच्या भागात ते टिकून आहे कारण पेन यान नावाच्या गावात १७९७ सालापासूनची बकव्हीटची गिरणी अजून चालू आहे. त्याच गावानं १९८७ मध्ये २८ फूट रुंदीचा पॅनकेक करून विक्रम केला होता, तो तवा अजून गिरणीच्या भिंतीला लावून ठेवलाय, बघायला मजा येते.

आता माझी पहिल्या वर्षाची चूक सांगतो कारण सगळं त्यातच आहे.

आमचे आजोबा माणदेशात बाजरी करायचे. मृग निघाला की पेरणी, पाऊस लांबला तर सगळं घर बेचैन, म्हणजे लहानपणापासून डोक्यात बसलेलं की पेरणीला उशीर म्हणजे वाटोळं. तर इकडे मे महिन्यात बर्फ गेला, जमीन उघडी पडली, ऊन छान, मला राहवेना. २० मेला पेरून मोकळा झालो. चार दिवसांत उगवलं, महिन्याभरात मांडीएवढं झालं, जूनच्या शेवटी रान असं पांढरं झालं की येणारे-जाणारे गाड्या थांबवून फोटो काढायचे. आणि मग जुलैचं ऊन लागलं. ३२-३३ अंश, कोरडा वारा, दहा दिवस सलग. फुलं ढीगभर आणि दाणे मूठभर. झाड हिरवंगार उभं, नवीन फुलं काढतच राहिलं, पण फूल जळून जायचं आणि दाणा धरायचाच नाही. पलीकडच्या शेतातला म्हातारा शेतकरी कुंपणाशी येऊन हसला आणि म्हणाला, मी अजून पेरलंच नाहीये. तेव्हा जुलैची ५ तारीख होती.

बकव्हीटची सगळी मेख इथं आहे. आपल्याकडं पेरणी पावसाच्या येण्यावरून ठरते, इथं ती थंडीच्या येण्यावरून ठरते, आणि तीही उलटी मोजून.

तारीख कशी काढायची

बकव्हीटला फ्रॉस्ट अजिबात सहन होत नाही. फ्रॉस्ट म्हणजे काय ते आपल्याला लवकर कळत नाही, तर महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठले अशी बातमी हिवाळ्यात पेपरात येते ना, तेच, फक्त इकडे ते ऑक्टोबरात रानभर होतं. उणे दोनपर्यंत पारा गेला की झाड एका रात्रीत काळं पडतं. दुसरीकडं फुलोऱ्यात ३० अंशाच्या वर ऊन गेलं आणि जमिनीत ओल नसेल तर फुलं वांझ जातात. म्हणजे फुलोरा आणि दाणे भरणं हे उन्हाळा उतरल्यावर आणि फ्रॉस्टच्या आधी, अशा मधल्या फटीत बसवायचंय.

पेरल्यापासून पीक हाताशी यायला १० ते १२ आठवडे लागतात. फुलं पाचव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात. तर तुमच्या भागातली पहिल्या फ्रॉस्टची सरासरी तारीख शोधा, हवामान खात्याच्या साईटवर पिनकोडनुसार मिळते. आमच्याकडे ती धरू १ ऑक्टोबर. तिथून १२ आठवडे मागं या, ९ जुलै. म्हणजे २५ जून ते १० जुलै ही माझी खिडकी. ९ जुलैला पेरलं तर ऑगस्टच्या मध्यावर फुलं, तेव्हा रात्री गार व्हायला लागलेल्या असतात, आणि सप्टेंबरात दाणे भरतात. २० जुलैच्या पुढं पेरलं तर जुगार आहे, थंडी वेळेत आली तर अर्धे दाणे पोचटच राहतात.

हे गणित जागेप्रमाणं बदलतं हां. इंग्लंड-आयर्लंडमध्ये उन्हाळाच मुळात सौम्य, तिथं फुलं करपायची भीती कमी, त्यामुळे मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला पेरलेलं चालतं. कॅनडात मॅनिटोबात सप्टेंबरातच थंडी दारात येते, तिथं माझ्या तारखेला पेरलं तर काही मिळायचं नाही, तिथले लोक जूनच्या सुरुवातीला उरकतात. आपल्या देशात हे पीक हिमाचल, उत्तराखंड, लडाख, सिक्कीमच्या उंचावरचं. किन्नौरच्या सांगला खोऱ्यात ऑगस्ट-सप्टेंबरात ओगल्याची गुलाबी शेतं दिसतात, फिरायला गेलेल्यांनी फोटो काढलेले असतील पण ते काय आहे हे विचारलं नसेल. ओगला म्हणजे हेच. त्याचा कडू भाऊ फाफरा, तो अजून थंड जागी येतो आणि त्याला मधमाशीची गरज नसते, पण तो वेगळा विषय.

उशिरा पेरायचं असल्यामुळे एक फायदा असा होतो की त्याच जागेत आधी काहीतरी निघून जातं. मी त्यातल्या तीन गुंठ्यांत वाटाणा करतो, तो जूनच्या शेवटी संपतो. काही जण हिवाळी गहू काढून त्यावर बकव्हीट घेतात. पण घरात कुणाला गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास असेल आणि तुम्ही त्याच्यासाठी हे पिकवणार असाल तर गव्हाच्या किंवा बार्लीच्या रानात पेरू नका. सांडलेला गहू मध्येच उगवतो, बकव्हीटबरोबर कापला जातो आणि दाण्यात मिसळतो, मग निवडत बसायचं.

जमीन

बकव्हीट हलक्या, निकृष्ट, आंबट जमिनीत येतं हे खरं आहे. पी एच ५ च्या आसपास असला तरी त्याचं फार अडत नाही, आणि जमिनीत अडकून बसलेला स्फुरद ओढून घ्यायची त्याची ताकद चांगली आहे. पण यावरून लोक असा अर्थ काढतात की कुठंही टाका येईल, तसं नाही. साचलेलं पाणी त्याला चालत नाही. पेरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात रान पाण्यानं भरलं तर उगवण निम्म्यावर येते आणि जे उगवतं ते पिवळं पडून तिथंच बसतं, पुढं कितीही ऊन मिळालं तरी सुधारत नाही. माझ्या प्लॉटचा खालचा कोपरा असा आहे, तिथं मी आता पेरतच नाही. तसंच टणक, ट्रॅक्टरनं दाबलेली जमीन किंवा पावसानंतर वर पापडी धरणारी चिकण माती, दोन्ही नकोत. मुळं बारीक आणि थोडी असतात, दाबलेल्या मातीत शिरत नाहीत.

खत बहुतेक वेळा घालूच नका. नत्र जास्त झालं की झाड छातीएवढं होतं आणि पहिल्या वादळात लोळतं. एकदा लोळलं की पुन्हा सरळ उभं राहत नाही, खालचे दाणे कुजतात. मी एका वर्षी कोपऱ्यात कुजलेलं कोंबडखत जरा सढळ हातानं टाकलं होतं, तेवढाच भाग आडवा झाला, बाकीचा ताठ. अगदीच निकस रान असेल तर थोडं कंपोस्ट चालेल.

आणि आधी त्या जमिनीत काय फवारलंय ते विचारा. मका होता आणि त्याला अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारलेलं असेल तर त्याचा अंश मातीत राहतो, बकव्हीट त्याला फार नाजूक आहे. भाड्यानं जमीन घेतली असेल तर हा प्रश्न पहिला विचारायचा. बकव्हीटमध्ये उभ्या पिकात मारायला तणनाशक जवळजवळ नाहीच, त्यामुळे तणाचा बंदोबस्त आधी करायचा.

तो असा. पेरणीच्या तीनेक आठवडे आधी टिलर मारून जमीन मोकळी करायची आणि सोडून द्यायची. तण उगवू द्यायचं, एक पाऊस पडला की हिरवं पोपटी सगळं वर येतं. मग पेरणीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी फक्त वरची इंच-दीड इंच माती हलवायची, दाताळ्यानं किंवा टिलर उथळ ठेवून, म्हणजे ते कोवळं तण उपटून वाळतं. इथं पुन्हा खोल नांगरलं तर खालचं नवीन तणाचं बी वर आणलंत, सगळी मेहनत पाण्यात. मला हे समजायला दोन वर्षं गेली.

बियाणं

किराणा दुकानात मिळणारे सोललेले बकव्हीट पेरू नका, ते उगवेल याची खात्री नाही, आणि भाजलेले असतील तर प्रश्नच मिटला. टरफलासकट बी पाहिजे. इकडे 'कव्हर क्रॉप' म्हणून पोत्यात स्वस्त बियाणं मिळतं, त्यावर जातीचं नाव नसतं. हिरवळीच्या खताला ते उत्तम, दाण्यासाठी मात्र नावाची जात घ्या. मॅनकन, मॅनर, कोटो या कॅनडातल्या मोठ्या दाण्याच्या जाती, मी कोटो लावतो. मोठा दाणा असला की पुढं सोलायला सोपं जातं, हे पेरताना लक्षात येत नाही पण हिवाळ्यात चाळणी घेऊन बसल्यावर येतं. मागच्या वर्षीचं बी घ्या, जुनं नको, उगवण झपाट्यानं कमी होते. शंका असेल तर ओल्या रुमालात ५० दाणे गुंडाळून ठेवा, चार-पाच दिवसांत ४० पेक्षा कमी फुटले तर बी जास्त टाका.

प्रमाण सांगायचं तर पाभरीनं, म्हणजे इकडच्या ग्रेन ड्रिलनं ओळीत पेरलं तर एकरी २२-२३ किलो, हातानं फोकलं तर ३० किलोच्या आसपास. गुंठ्याच्या हिशोबात ओळीत साधारण ६०० ग्रॅम आणि फोकून ७५० ते ८०० ग्रॅम. माझ्या दहा गुंठ्यांना मी आठ किलो टाकतो. उगवल्यावर एका चौरस फुटात १२ ते १६ रोपं दिसली की बरोबर. पातळ झालं तर झाड फांद्या फोडून जागा भरतं, दाणेही देतं, पण तोपर्यंत तणाला मोकळं रान मिळतं. फार दाट झालं की खोडं काडीसारखी बारीक होतात आणि पीक लोळतं.

पेरणी

वाफसा बघा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकी मारली की फुटावा, एवढी ओल. जुलैत इकडे जमीन कोरडी असते म्हणून पाऊस येऊन गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेरणं सगळ्यात चांगलं. पुढच्या दोन दिवसांत जोराचा पाऊस सांगितला असेल तर थांबा, तारीख चार दिवस पुढं गेली तरी चालेल, बी कुजलं तर नाही चालणार.

खोली तीन सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या दीड पेरापेक्षा कमीच. कोरडं असेल तर चार. ओळीत पेरायचं तर दोन ओळींत १५ ते २० सेंटीमीटर अंतर. माझ्याकडे ड्रिल नाही, मी फोकून पेरतो, आणि फोकून पेरणं ही कला आहे बरं का, आजोबा ज्या लयीत चालायचे तसं जमत नाही. बी दोन भागांत वाटून घ्या. एक भाग उत्तर-दक्षिण चालत टाकायचा, दुसरा पूर्व-पश्चिम, म्हणजे टक्कल पडलेले पट्टे राहत नाहीत. मग दाताळ्यानं हलकं ओढून बी मातीत घालायचं, वर उघडं राहिलेलं बी पक्षी टिपतात. शेवटी रोलर फिरवायचा किंवा फळी ओढायची, बी आणि माती चिकटली पाहिजे. चिकण माती असेल तर रोलर नको, पापडी धरेल.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवतं. खोटं वाटेल इतक्या लवकर. दोन गोल पानं दुमडलेली वर येतात आणि आठवड्यात रान हिरवं. तीन आठवड्यांत पानं एकमेकांना भिडतात आणि खाली सावली होते, मग तण बिचारं काय करणार. या तीन आठवड्यांत तुम्ही एकदा फिरून मोठं तण हातानं उपटलंत तर पुढं काही करायला लागत नाही. फक्त वेल येतात त्यांच्याकडं लक्ष ठेवा, तो बारीक पांढऱ्या-गुलाबी फुलाचा वेल खोडाला गुंडाळून वर चढतो आणि कापणीला सगळं ओढून धरतो.

रोग-कीड जवळजवळ नाही, औषध मला कधी मारावं लागलं नाही. उपद्रव आहे तो हरणांचा. इकडची हरणं बकव्हीट अशी खातात जणू त्यांच्यासाठीच पेरलंय, पहिल्या महिन्यात शेंडे खाल्ले तर झाड फुटव्यानं सावरतं पण पीक आठवडा-दहा दिवस मागं जातं, आणि आपण तर दिवस मोजून पेरलंय. मी दोन पदरी नायलॉनची दोरी लावतो, अर्धी हरणं घाबरतात.

फुलोरा आणि मधमाश्या

हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा लांबवतो.

बकव्हीटची झाडं दोन प्रकारची असतात, दिसायला सारखीच. काहींच्या फुलात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, काहींच्यात उलटं. एका प्रकारचा पराग दुसऱ्या प्रकारच्या फुलावर गेला तरच दाणा धरतो, स्वतःचा स्वतःला चालत नाही, आपल्याच प्रकारच्या शेजाऱ्याचाही चालत नाही. सगोत्र विवाह निषिद्ध, असंच म्हणा. त्यामुळे परागाची ने-आण करायला माशी लागतेच, वाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही. बॅकयार्डमध्ये चार वाफे असतील तर रानमाश्या, भुंगे, फुलमाश्या पुरतात. एकरभर असेल तर एक-दोन पेट्या ठेवलेल्या बऱ्या. मी पेट्यावाल्याला फुकट जागा देतो, तो मला दोन बाटल्या मध देतो. मध बघितलात तर काकवी वाटेल, तसाच काळा, तसाच उग्र, पोळीबरोबर जबरदस्त लागतो.

फूल एक दिवस टिकतं. सकाळी उमलतं, मध सकाळीच सुटतो, दुपारनंतर आटतो. म्हणून सकाळी आठ ते अकरा रान घुमत असतं आणि दुपारी शांत. त्या शांततेला भुलून तीन वाजता पेट्यांजवळ जाऊ नका, मध संपला की माश्या चिडचिड्या होतात, मी अनुभवानं सांगतोय, डोळा दोन दिवस सुजला होता. आणि हो, फुलाचा वास. लांबून गोडसर, जवळून गोठ्यासारखा. बायको खिडक्या लावून घेते.

शंभर फुलांतून दहा-वीसच दाणे धरतात, हे ठीकच आहे, घाबरू नका. पहिल्यांदा करणारा माणूस झुबके बघून खूप दाणे मोजतो आणि नंतर हिरमुसतो. फुलोऱ्यात जमीन फारच सुकली असेल आणि तुमच्याकडे सोय असेल तर एक पाणी द्या, संध्याकाळी द्या, सकाळी स्प्रिंकलर लावून माश्यांची वेळ घालवू नका.

कापणी कधी, हा खरा पेपर

गहू एकदम पिवळा होतो, आपल्याला कळतं. बकव्हीट तसं सांगत नाही. खाली काळे पक्के दाणे, मध्ये हिरवे, वर अजून फुलं, सगळं एकाच झाडावर, आणि हे थंडी पडेपर्यंत चालूच. सगळे दाणे पिकायची वाट बघितलीत तर खालचे, म्हणजे सगळ्यात चांगले भरलेले, गळून जमिनीवर. घाई केलीत तर निम्मे चिकात. साधारण चारातले तीन दाणे तपकिरी-काळे झाले की कापायचं. मी दहा ठिकाणची झाडं ओंजळीत ओरबाडून मोजतो, आणि दाणा दाताखाली धरतो, कट्ट वाजला पाहिजे, पीठ पांढरं दिसलं पाहिजे.

मोठे शेतकरी दोन पद्धती वापरतात. एक म्हणजे कापून ओळीत पसरायचं, आठ-दहा दिवस वाळू द्यायचं आणि मग कंबाइननं, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्रानं उचलायचं. दुसरी म्हणजे फ्रॉस्टनं झाड मारू द्यायचं, पानं गळून खोड वाळलं की आठवडाभरात सरळ कंबाइन घालायचं. दुसरी सोपी, पण त्या आठवड्यात वादळ आलं की दाणे खाली, आणि मग रानटर्कींचा कळप दिवाळी करतो.

आपल्यासारख्या हातानं करणाऱ्यांना माझी पद्धत. फ्रॉस्टचा अंदाज आला की त्याच्या दोन-तीन दिवस आधी, पहाटे, दव असताना विळ्यानं कापायचं. दवानं झाड लवचिक असतं, दाणा कमी गळतो, उन्हात कापलंत तर पावलागणिक पाऊस पडल्यासारखा दाणा पडतो. हातात मावतील एवढ्या पेंढ्या बांधायच्या, सैल, आणि सात-आठ पेंढ्या डोक्याला डोकं लावून उभ्या करायच्या. खोड रसाळ असल्यामुळे लवकर वाळत नाही, १० ते १५ दिवस धरा. पाऊस सांगितला तर मी पेंढ्या गॅरेजमध्ये दोरीवर उलट्या टांगतो, गाड्या बाहेर, घरातल्यांची कुरकुर आत.

मळणीला मोठी ताडपत्री अंथरायची, पेंढी धरून आपटायची किंवा काठीनं बडवायची. दाणा पटकन सुटतो, बाजरीसारखा त्रास नाही. त्यानंतर लगेच, त्याच संध्याकाळी, मोठ्या चाळणीतून काढून पाला-काड्या वेगळ्या करा. हे उद्यावर टाकू नका. पाल्याचे ओले तुकडे ढिगात राहिले की रात्रीत ढीग तापतो, सकाळी हात घातला तर गरम लागतो आणि आंबूस वास यायला लागतो. एका वर्षी माझं दीड पोतं असंच गेलं.

मग सूप. आई दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिनं बॅगेतून सूप आणलं होतं, कस्टमवाल्यानं उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं की हे काय. तिनं पाखडून दाखवलं. त्यानं सोडलं. सूप नसेल तर टेबलफॅन लावा आणि दाणा एका बादलीतून दुसरीत ओता, पोचट सगळं उडून जातं.

चादरीवर इंचभर थर पसरून वाळवा, दिवसातून दोनदा हलवा. १६ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर बुरशी येते, घरात वर्षभर ठेवायचं असेल तर १२-१३ पर्यंत न्या. मीटर नसेल तर दाणा नखानं दाबा, खूण उमटली तर अजून वाळवायचंय.

उत्पन्नाचं म्हणाल तर इकडे एकरी चार-साडेचार क्विंटल हे ठीकठाक पीक. गुंठ्याला अकरा किलो. हातानं कापणी-मळणीत त्यातलं बरंच सांडतं. माझं मेमध्ये पेरलेल्या वर्षी दहा गुंठ्यांत तीस किलोही झालं नव्हतं, जुलैच्या पेरणीनं नव्वदच्या आसपास जातं.

पीठ करताना

टरफल वजनाच्या साधारण पाचवा भाग असतं, आणि ते सोलणं ही घरगुती पातळीवर मोठी कटकट आहे. सोपा मार्ग असा की अख्खाच दाणा घरगुती चक्कीत जाडसर दळायचा आणि चाळायचा. टरफलाचे मोठे तुकडे वर राहतात, ते टाकून खालचं पुन्हा बारीक दळायचं. पिठात काळे ठिपके राहतात, राहू देत, चव त्यांचीच. दहा किलो दाण्याचं सात किलो पीठ मिळतं.

सोललेले दाणे हवे असतील तर आधी दाणे वेगवेगळ्या चाळण्यांनी आकाराप्रमाणे वेगळे करा, मग चक्कीची पाती दाण्यापेक्षा किंचित कमी अंतरावर ठेवून एकेक आकार काढा. टरफल तडकतं, आतला हिरवट पांढरा दाणा अख्खा सुटतो, पंख्यासमोर पाखडा. सगळे आकार एकत्र घातलेत तर मोठे चुरतात आणि बारीक तसेच निघतात. टरफलं टाकू नका, जपानी लोक उशीत भरतात, मीही भरली, मानेला बरी वाटते, फक्त कूस बदलली की कुरकुर आवाज येतो.

पीठ एकदम दळून ठेवू नका. दाणा कोरड्या डब्यात वर्ष-दीड वर्ष आरामात राहतो, पिठाला मात्र लवकर खवट वास येतो. महिन्याला लागेल तेवढं दळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. उत्तरेत नवरात्रात कुट्टूच्या पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात त्या वाचल्या असतीलच, जुनं, ओल लागलेलं पीठ खाऊ नये. आम्ही थालीपिठाच्या भाजणीत एक चतुर्थांश घालतो, जास्त घातलं तर थालीपीठ फुटतं, नुसत्या कुट्टूचं करायचं तर उकडलेला बटाटा घालून मळायचं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही लोकांना बकव्हीटची अ‍ॅलर्जी असते आणि ती जोरदार असू शकते, पाहुण्यांना विचारल्याशिवाय खाऊ घालू नका. आणि हिरवं झाड जनावरांना भरपूर खायला देऊ नका, त्यातल्या एका द्रव्यामुळे पांढऱ्या कातडीच्या जनावरांना उन्हात गेल्यावर त्वचा भाजल्यासारखी होते. डोंगरी भागात कोवळ्या पानांची भाजी करतात, आम्हीही एक-दोनदा केली, चुक्यासारखी किंचित आंबट लागते. पण हिरव्या पानांचा रस काढून रोज पिणं वगैरे आरोग्याचे प्रयोग नकोत.

दाणा नकोच असेल, फक्त जमीन सुधारायची असेल, तर तारखेचं एवढं बंधन नाही. मेच्या शेवटापासून कधीही दाट पेरा आणि फुलं आल्यावर आठ-दहा दिवसांत कापून मातीत मिसळा. याहून उशीर केलात तर खालचे दाणे पक्के होतात आणि पुढच्या वर्षी तेच तुमचं तण. आठवड्यात सगळं कुजून जातं, इतकं कोवळं असतं. लसूण काढल्यावर रिकाम्या वाफ्यांत मी हेच करतो.

दाण्याच्या रानात तर दाणे सांडणारच, त्यामुळे पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ऊन पडलं की सगळीकडं त्या गोल पानांची रोपं आपोआप वर येतात. पहिल्या वेळी मी ती जपली होती, म्हटलं फुकटचं पीक. १५ मेच्या सुमारास एक गोठलेली रात्र आली आणि सकाळी सगळी काळी पडून आडवी. आता मी त्यांच्याकडं बघतही नाही, जूनमध्ये टिलर फिरवतो तेव्हा जी उरली असतील ती जातात.